बायजाबाई शिंदे: मांड न सुटलेली ७९ वर्षं

लष्करवाली (धागाकर्ती)

ग्वाल्हेरात वाढलेल्या कुणालाही विचारा, घोड्यावरची बाई म्हटलं की त्याला फूलबाग आठवते. राणी लक्ष्मीबाईंची समाधी, जूनमधला बलिदान मेळा. आम्ही शाळेतून रांगेने तिथे फुलं वाहायला जायचो. आजही टेम्पोतून जाताना हात आपोआप जोडले जातात. त्या श्रद्धेत मला तसूभरही कमी करायचं नाहीये.

पण ह्याच गावात आणखी एक घोडेस्वार बाई होऊन गेली. ती रणात पडली नाही, म्हातारी होऊन गेली, म्हणून तिचा मेळा भरत नाही. बायजाबाई शिंदे. जन्म १७८४, कागलच्या घाटग्यांच्या घरात. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न, म्हणजे चौदाव्या वर्षी. १८२७ ते १८३३ ह्या राज्याचा कारभार. मग हद्दपारी, गावोगावचे तंबू, परत ग्वाल्हेर, आणि १८६३ मध्ये इथेच शेवट. मागच्या महिन्यात बाड्यावर, म्हणजे महाराज बाडा चौकात, चहा पिताना आमच्या दहा-बाराजणांच्या टोळक्यात मी हे नाव काढलं. दोघांनी ऐकलं होतं. त्यातला एक म्हणाला, "ती ना, दौलतरावांची बायको." एवढंच.

तिचं घोड्यावर बसणं कुणी लिहिलंच तर शोभेचं म्हणून लिहितात: रूपवान होती, कर्तबगार होती, शिवाय घोड्यावरही बसायची. मला हे उलटं वाटतं. घोडा आधी, बाकी सगळं नंतर. ती ज्या घरात नांदली त्या घराला भिंतीच नव्हत्या, हे विसरलं की ती कळत नाही.

ग्वाल्हेरातल्या आपल्या लष्कर भागाचं नाव लष्कर का, हे आपण लहानपणी पाठ करतो आणि सोडून देतो. १८१० मध्ये दौलतरावांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला येऊन पडली आणि उठलीच नाही. कंपू हा भागसुद्धा त्यातलाच. त्याआधी हे सगळं गाव चालत होतं. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये ह्या छावणीबरोबर फिरत होता, त्याने मुक्काम कसा पडायचा ते लिहून ठेवलंय. बिनीवाला पुढे जाऊन जागा हेरायचा आणि महाराजांच्या डेऱ्यांची जागा दाखवायला एक लहानसं पांढरं निशाण रोवायचा. त्या डेऱ्यांना म्हणायचे ड्योढी. मग त्या निशाणाच्या अंदाजाने बाजार लागायचा, सरदारांचे तळ पडायचे. आपल्याकडे बिनीवाले आडनावाची माणसं आहेत, "बिनीचा माणूस" आपण रोज म्हणतो. ती बिनी ही.

आता त्या ड्योढीतल्या बाईचा दिवस डोळ्यासमोर आणा. लग्नापासून बारा वर्षं निशाण उपटायचं, पुढे जायचं, परत रोवायचं. पालखी असे, मेणा असे, रथ असे. पण ओढ्याला पाणी आलं, मागून शत्रूची टोळी आली, तर भोई किती पळणार? अशा घरात मुलीला घोडा शिकवणं म्हणजे आज आपण मुलीला गाडी चालवायला शिकवतो तसं.

आता माझ्या घरचं एक सांगते, म्हणजे मी ह्या विषयात एवढी का गुंतले ते कळेल. माझ्या आजीचे वडील संस्थानच्या रिसाल्यात होते. आजी आयुष्यभर नऊवारीत. माझ्या मामाच्या लग्नात वरातीची घोडी आली, झूल, गोंडे, सगळा थाट, आणि बँडचा पहिला ढोल वाजताच ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली. धरणारा पोरगा पंधरा-सोळाचा, तो लगामाला लोंबकळत होता. मामा पांढराफटक. आजी तेव्हा चौसष्टची. तिने आधी बँड बंद करायला लावला. पोराच्या हातातून लगाम घेतला, घोडीच्या मानेवर, आयाळीखाली, पंजा नुसता ठेवला आणि उभी राहिली. घोडीचे कान मागे होते ते हळूहळू पुढे आले. मग आजीने काष्टा कमरेत घट्ट खोचला, ओट्यावरून रिकिबीत पाय घातला आणि वर. अंगणात दोन फेऱ्या, चालत्या. उतरली, मामाला म्हणाली, "बस आता. पायाने नको धरूस, मांडीने धर." एवढं होऊन ती परत स्वयंपाकघरात गेली, पुऱ्या राहिल्या होत्या.

ती "मांड" हा शब्द नेहमी वापरायची. कुणी सून माहेरहून आल्यावर गप्प गप्प राहिली तर म्हणायची, "बसू दे तिची मांड, मग बोलेल." मला तो शब्द घोड्याचा, खोगिरावरच्या पक्क्या बैठकीचा आहे हे त्या दिवशी कळलं.

बायजाबाईंबद्दल ज्यांना जे माहीत असेल ते लिहा. घरातल्या आठवणी असतील तर फारच चांगलं.

---

रपेट

ताई, मस्त सुरुवात. मी वीस वर्षं घोड्यावर बसतोय, एक-दोनदा वाईट पडलोय, त्यामुळे मांडेबद्दल बोलायचा थोडा हक्क सांगतो.

खोगिरावर तोल रिकिबीत नसतो. नवशिक्या सगळा भार रिकिबीत टाकतो, मग घोडा जरा बिचकला की पाय पुढे, धड मागे, आणि माणूस जमिनीवर. तोल बसतो मांडीच्या आतल्या बाजूत आणि कमरेत. नऊवारीचा काष्टा ह्याला किती सोयीचा आहे बघा: कापड दोन्ही पायांच्या मधून मागे जातं, दोन्ही मांड्या मोकळ्या, मागे खोचलेलं असल्याने काही फडफडत नाही. आपल्या बायका पुरुषांसारख्याच दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायच्या.

इंग्रज बाया तेव्हा एका बाजूला दोन्ही पाय घेऊन बसायच्या. उजवा गुडघा खोगिराच्या शिंगात अडकवायचा, डावा पाय रिकिबीत. उजव्या बाजूला पायच नाही, म्हणजे घोड्याला उजवीकडून इशारा करायला चाबूक लागतो. चढायला दुसऱ्याचा हात लागतो. घोडा पडला तर घागऱ्यासकट खाली अडकायची भीती. मांडी धरून ठेवणारं दुसरं शिंग १८३० च्या सुमारास आलं, त्याआधी तर नुसती कसरतच.

आणि ह्या दोन पद्धती एकमेकींसमोर आल्या त्या नेमक्या बायजाबाईंच्याच तंबूत.

---

लष्करवाली

रपेट, अगदी तिथेच मला यायचं होतं! फॅनी पार्क्सची हकीकत.

१८३५ चा एप्रिल. बायजाबाई हद्दपार, गंगेकाठी फतेहगडला तळ. फॅनी पार्क्स ही कंपनीच्या नोकरीतल्या एका साहेबाची बायको, हिंडायची हौस दांडगी, सतार वाजवायची, हिंदुस्तानी बोलायची. ती भेटायला गेली आणि मग जातच राहिली. तिने बायजाबाईंचं वर्णन करून ठेवलंय: केस पांढरे, अंगाने भरलेली, हसू फार गोड, हातपाय लहान आणि रेखीव. अंगावर साधं रेशमी वस्त्र, विधवा म्हणून हातातल्या सोन्याच्या साध्या बारीक कड्यांशिवाय दागिना नाही. तेव्हा बाई ५१ वर्षांच्या.

तिथे घोड्याचा विषय निघाला. फॅनी कशी बसते हे ऐकून तंबूतल्या बायकांना काही केल्या पटेना: अशी वाकडी, सगळी एका अंगाला, कशी काय बसतेस? मग फॅनीने आपलं खोगीर आणून दाखवलं. आणि नंतर तिला मराठी पोशाख नेसवून आपल्या घोड्यावर बसवलं. दोन्ही बाजूंना पाय. तिला ते एवढं आवडलं की बायकांची बसायची रीत बदलल्याबद्दल तिने आपल्याच एलिझाबेथ राणीला मूर्खपणाचा दोष दिलाय. बायजाबाईंची नात गजराजा ह्या सगळ्यात पुढे, तीही पट्टीची घोडेस्वार.

तरुणपणी लढाईच्या वेळी बायजाबाई हातात भाला आणि कडेवर मूल घेऊन घोड्यावर होत्या, हेही फॅनीने ऐकून नोंदवलंय. १८०३ च्या इंग्रजांबरोबरच्या युद्धात त्या दौलतरावांच्या सोबत होत्या. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या.

मला मात्र ह्या भेटींमधलं वेगळंच एक बोलणं फार आवडतं. विधवेने कसं राहायचं, काय सोडायचं, ह्यावर बोलणं चाललेलं. त्यावर फॅनीने सांगितलं की इंग्लंडात लग्न झालेली बाई कायद्याने नवऱ्याची गुलामच असते, दाद मागायची सोय जवळजवळ नाही. जिने सहा वर्षं राज्य केलं, जिचा पैसा काशीच्या पेढ्यांवर फिरत होता, तिच्यासमोर बसून एक मेमसाहेब हे सांगतेय. दोघी घोड्यावर बसणाऱ्या, दोघींना आपापल्या गाठी माहीत. ती दुपार मला नीट दिसते.

---

मोडीवाचक

धागा आवडला, पण एक बाजू राहू नये. सर्जेराव घाटगे म्हणजे बायजाबाईंचे वडील. लेक देण्याच्या बदल्यात त्यांना शिंद्यांची दिवाणगिरी मिळाली आणि १७९८ मध्ये त्यांनी पुणं ज्या रीतीने पिळून काढलं ते पुण्यातल्या जुन्या घराण्यांत अजून विसरलेलं नाही. पैशासाठी भल्या भल्या माणसांना तापलेल्या तोफेला बांधलं. चौदा वर्षांच्या मुलीचा त्यात दोष नाही हे मान्य. पण त्या लग्नाचा खर्च कुणाच्या घरातून निघाला हेही लिहायला हवं.

दुसरं, जनकोजीराव. दौलतरावांना मुलगा नव्हता. बाईंनी १८२७ मध्ये अकरा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं, गादीवर बसवलं आणि कारभार आपल्याकडे ठेवला. मुलगा मोठा झाला तरी सोडेनात. त्याच्यावर पाळत, कोंडमारा. १८३२ मध्ये तो पळून रेसिडेंटकडे, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे, गेला होता. शेवटी १८३३ च्या जुलैत पलटणी त्याच्या बाजूने उठल्या आणि बाईंना गाव सोडावं लागलं. घरातली थोरली बाई किल्ल्या सोडत नाही, ह्या दुखण्याचं हे राजवाड्यातलं रूप होतं.

---

लष्करवाली

मोडीवाचक काका, दोन्ही मुद्दे खरे आहेत. सर्जेरावांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. ते स्वतः १८०९ मध्ये छावणीतच मारले गेले, तेही लेकीच्या डेऱ्यांपासून फार लांब नाही. ती पंचवीस वर्षांची होती तेव्हा.

जनकोजीरावांबद्दल मात्र तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते बरोबर आहे. तिने मुलाला वेळेवर लगाम दिला नाही. ज्या बाईला घोडा कधी सैल सोडायचा हे कळत होतं तिला हे का कळलं नाही, हा प्रश्न मला वाचताना सारखा पडतो. कंपनीचं सरकारही टपलेलं होतं. गव्हर्नर जनरल बेंटिंक १८३२ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरला येऊन गेला, त्याने ना तिला धड आधार दिला ना त्याला. पण चूक ती चूक.

---

इंदूरची सूनबाई

आमच्या होळकरांकडची भीमाबाई इथे यायलाच हवी! यशवंतराव होळकरांची लेक. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांशी लढाई झाली त्यात ती घोडदळ घेऊन होती. म्हणजे शिंदे आणि होळकर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसले तरी लेकींना शिकवायचं मात्र दोघांनीही तेच. माझ्या सासूबाई सांगतात, जुन्या वाड्यांत पागा दारातच असायची, त्यामुळे मुलींना घोड्याची भीती अशी नव्हतीच. खरारा करताना बघत बघत वाढायच्या.

---

दिल्ली मुक्काम

एक भर घालतो. दिल्लीतलं हिंदुराव रुग्णालय आहे ना, ते हिंदुराव म्हणजे बायजाबाईंचे सख्खे भाऊ, हिंदुराव घाटगे. बहिणीबरोबर तेही ग्वाल्हेरहून बाहेर पडले. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा दिल्लीत खून झाला, त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदुरावांनी घेतला. १८५७ मध्ये त्याच बंगल्यापाशी इंग्रजांचं ठाणं होतं, पण हिंदुराव त्याआधीच गेले. तिथे रोज हजारो माणसं केसपेपर काढायला रांगेत उभी असतात आणि हे कागलचं नाव घेत असतात.

---

गंगाकिनारी

काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये बायजाबाईंनी बांधला. शिंदे घाटही त्यांचाच, १८३० च्या आसपासचा. तो एवढा वजनदार झाला की पाण्याखाली खचला. मी गेलो तेव्हा पाणी उतरलेलं होतं, कलंडलेलं रत्नेश्वराचं देऊळ शेजारी, आणि नावाडी "सिंधिया घाट" म्हणून दाखवत होता. त्याला म्हटलं, हा घाट एका बाईने बांधला. तो वल्हं थांबवून म्हणाला, "अच्छा? राजा ने नहीं?"

---

लष्करवाली

गंगाकिनारी, तुमचा नावाडी आणि माझी चहाची टोळी एकाच माळेतले! उज्जैनचं गोपाळ मंदिरही बाईंचं. तिथे जन्माष्टमीला मुंगी शिरायला जागा नसते.

---

नाशिकहून

हद्दपारीत त्या आमच्या नाशिकलाही होत्या. मथुरा, फतेहगड, अलाहाबाद, काशी, आणि मग दक्षिणेत. हे अंतर नुसतं नकाशावर बोट फिरवून बघा. साठीकडे झुकलेली बाई, बरोबर नोकरचाकर, हत्ती, घोडे, आश्रित, असं आख्खं गाव. ज्याला आपण हद्दपारी म्हणतो ती तिच्यासाठी परत छावणीच झाली. लहानपणी ज्या रीतीने जगली त्याच रीतीने. म्हणून मोडली नसेल, असं मला तुमचा पहिला प्रतिसाद वाचून वाटलं.

---

रपेट

नाशिकहून, +१. आणि घोडे सांभाळणं ह्याचा हिशेब कुणी करत नाही. एका घोड्याला दिवसाला वैरण, हरभऱ्याचा तोबरा, पाणी, नाल, खरारा, रात्री अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायच्या दोऱ्या. हे शंभर घोड्यांचं करा, तेही उत्पन्न बंद झालेलं असताना आणि कंपनी तुमच्या पैशावर डोळा ठेवून असताना. जिची पागा टिकते तिला हिशेब येतो. बाई सावकारीत हुशार होत्या असं सगळे लिहितात. ती हुशारी बहुतेक पागेतूनच आली असावी.

---

एकटा जीव

सगळं ठीक. पण १८५८ बद्दल कुणी बोलत नाहीये. झाशीची राणी फूलबागेजवळ लढून मेली आणि ह्या बाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. मग त्यांचा मेळा का भरावा?

---

लष्करवाली

एकटा जीव, हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि तो यायलाच हवा होता.

जे घडलं ते असं. जनकोजीराव १८४३ मध्ये गेले, पंचविशी नुकतीच ओलांडलेली. त्यांची विधवा ताराबाई बारा-तेरा वर्षांची पोर. तिने जयाजीरावांना दत्तक घेतलं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पन्निहार, एकाच दिवशी दोन लढाया हरलो. जयाजीरावांच्या काळात बायजाबाई परत आल्या. ज्या घरातून पलटणींनी बाहेर काढलं त्याच घरात, आता सगळ्यांत थोरल्या.

१ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. जयाजीरावांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याकडे गेले. राजवाड्यातल्या बायका मागे राहिल्या. त्यांना घेऊन नरवरच्या किल्ल्यावर गेल्या त्या बायजाबाई. वय ७४. बंडवाल्यांनी त्यांना आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला, त्या गेल्या नाहीत. २० जूनला ग्वाल्हेर परत इंग्रजांच्या हाती आलं.

त्यांनी राणीची साथ द्यायला हवी होती असं म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. माझ्याही पोटात तुटतं. फूलबाग आणि नरवर ह्या दोन्ही जागा एकाच महिन्यातल्या आहेत आणि दोन्हीकडे मराठी बाया आहेत. पण हेही बघा. इंग्रजांनी जन्मभर ह्या बाईवर संशय घेतला, तिचा पैसा अडवला, तिला गावोगाव हलवलं. तिचं त्यांच्यावर प्रेम असायचं काही कारण नव्हतं. त्या जूनमध्ये तिच्यासमोर प्रश्न होता तो पोरीबाळींना आणि सुनांना कुठे न्यायचं. एक राणी अंगणातल्या सगळ्यांसाठी बाहेर जाऊन लढली, दुसरी अंगणातल्यांना घेऊन निघाली. मला दोघींची समाधी हवी, दोघींना फूल हवं.

नवरा १८२७ ला गेला, लेक चिमणाबाई आईच्या आधी गेली, दत्तक मुलगा १८४३ ला, भाऊही तिच्या आधी. तीन महाराज बघितले, एक नवरा म्हणून, एक मुलगा म्हणून, एक नातू म्हणून. घरात कुणाला कोण कुणाचं लागतं हे शेवटी तिलाच ठाऊक असणार.

---

इंदूरची सूनबाई

ताई, तुमच्या आजीला घोड्यावर बसलेलं परत कधी पाहिलंत?

---

लष्करवाली

नाही. तेवढंच एकदा. पण तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिला उठवून बसवायचे, तेव्हा पलंगाच्या कडेला दोन्ही पाय जमिनीला टेकवून, गुडघे आत घेऊन बसायची. मी पाठीमागे उशी लावायला गेले की हात हलवून नको म्हणायची. पाठ ताठ. औषधाची वाटी स्वतः धरायची.

---

मोडीवाचक

लष्करवाली ताई, नरवरला येत्या रविवारी जायचा विचार आहे. माझ्याकडे गाडी आहे, दोन जागा रिकाम्या. किल्ला चढायला ऊन व्हायच्या आत पोचायला हवं. येणार का?

---

लष्करवाली

काका, येते. माझ्या लेकीलाही आणते, ती अकरावीत आहे आणि मागचा महिनाभर हेच ऐकून तिचे कान किटलेत, तरी यायचं म्हणतेय. पहाटे पाचला बाड्यावर, टपाल कचेरीसमोर उभ्या राहू. पोहे मी डब्यात घेते, चहा वाटेत.

---

रपेट

मी माझ्या गाडीने थेट नरवरला येतो. खोगीर आणतो, लेकीला मांड म्हणजे काय ते दाखवायला. वर किल्ल्यात एखादं तट्टू मिळालं तर उत्तमच.